कठड्यावरचा तळहात

बाबांना ऐकू येत नाही, हे मला तव्याने सांगितलं. माझ्या हातातून निसटून तो त्यांच्या पाठीमागे फरशीवर आपटला. ते आपले खिडकीतून बाहेर बघतच राहिले.

आणि यांचं काम काय? रेल्वेच्या पुलावर उभं राहायचं आणि गाडीची चाहूल लागली की शिट्टी फुंकून रुळांवर काम करणाऱ्या माणसांना बाजूला करायचं. त्या माणसांत माझा नवरा! मी समोर बसून, ओठ दिसतील अशी, त्यांना चांगलं खडसावलं. मुकादमाला सांगा, नाहीतर मी सांगते. ते हसले. म्हणाले, पूल मला सांगतो.

पूल एकोणिसाव्या शतकातला. बाबांच्या पणजोबांनी त्याच्या खांबांसाठी दगड वाहिले. पहिलं इंजिन गेलं तेव्हा पूल कोसळणार म्हणून सगळं शहर काठावर तमाशा बघायला जमलं आणि पणजोबा मुद्दाम पुलाखाली जाऊन उभे राहिले. हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पण गाडी लांब असतानाच त्या जुन्या लोखंडी कठड्याला कंप सुटायचा, हे खरं. मी स्वतः हात लावून पाहिलं, म्हणून गप्प बसले.

मग कठड्याचं लोखंड काढून काँक्रीट घालायला लागले, त्याला कसला कंप सुटणार, आणि माझी झोप उडाली. नवरा कामावर गेला की घरात नुसत्या येरझाऱ्या. भाजी चिरायला घ्यायची, अर्धवट टाकायची. नव्या भागावर काम सुरू झालं त्या दिवशी तर राहवलंच नाही. चपला अडकवल्या आणि नदीकडे पळत सुटले.

बाबा काँक्रीटच्या कठड्यावर तळहात दाबून उभे होते. पाठीमागून गाडी येत होती. मी जीव खाऊन ओरडले, पण एवढ्या लांबून कोणाला ऐकू जाणार? तरी नवरा आणि बाकीचे अवजारं उचलून गाडी टाळायला बांधलेल्या बाजूच्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. त्यांना तिथे बघून मग बाबांनी शिट्टी फुंकली.

जेवायला बसल्यावर बाबांनी जावयाला विचारलं, गाडीचं कोणी सांगितलं. तो ताटात बघून पुटपुटला. मी कोपराने ढोसलं, तेव्हा कुठे मान वर केली.

"बाबा, आम्हाला केव्हापासून ठाऊक आहे. आमच्यातला एक जण कायम गाडीवर लक्ष ठेवून असतो."

बाबा त्याच्या ओठांकडे बघत राहिले.

"मग मी तिथे कोणाला सांभाळत होतो?"

 दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले नाहीत.