सांडूअण्णांचे मंगळवार

सांडूअण्णा पीत असत. हे वाक्य त्यांच्या गल्लीत कुणी मोठ्यानं म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. कपाळाला अष्टगंध, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज इतका मऊ की समोरच्याला दोनदा विचारावं लागे. पण पीत असत हे खरं. आठवड्यातून एकदा, मंगळवारी दुपारी, अर्धा पेला वाईन. तीही इतकी हळू की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस पितोय की पेल्याशी गप्पा मारतोय.

अजिंठ्याकडच्या एका खेड्यातून ते तरुणपणी शहरात आले आणि एका बड्या हॉटेलात वेटर म्हणून लागले. लेणी बघून दमलेले परदेशी पाहुणे संध्याकाळी वाईन मागवत. बाटली बिघडलेली असेल तर ती वेटरला आधी कळायला हवी, म्हणून मॅनेजरनं सगळ्यांना चमचा-चमचा चाखायला लावलं. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. यापेक्षा काढा बरा, म्हणाले. सांडूअण्णा मात्र घोट तोंडात धरून उभेच राहिले. आधी जांभळाचा तुरटपणा, मग लवंगेसारखं काहीतरी, आणि गिळल्यावर मागं राहिलेला ओल्या लाकडाचा वास. एवढ्याशा घोटात एवढं सगळं मावतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी माणूस कामातून गेला.

पण आवड सांगायची कुणाला? पिणारे म्हणत, "चढत नाय ते काय प्यायचं?" न पिणाऱ्यांच्या लेखी वाईन काय नि हातभट्टी काय, सगळे एकाच माळेचे मणी. आणि घरी होत्या पारूबाई. त्यांचा बाप हातभट्टीनं गेला होता. लहानपणी त्या गटाराकाठी पडलेल्या बापाला उठवून घरी आणायच्या. पुढं थोरला भाऊही त्याच वाटेनं गेला. लग्नानंतर दोघं जोडीनं वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गेले, तेव्हा पारूबाईंनी नवऱ्याच्या हातावर बेलाचं पान ठेवलं आणि म्हणाल्या, "दारूला शिवनार नाय म्हना." सांडूअण्णा म्हणाले. मनापासून म्हणाले. पुढं वाईन म्हणजे द्राक्षाचा रस, ती काही दारू नव्हे, असा वकिली मुद्दा त्यांनी शोधून काढला. पण तो देवासमोर मांडायची हिंमत त्यांना झाली नाही, आणि बायकोसमोर तर त्याहून नाही.

हॉटेलात घोटभर घेतली की वास घरी पोहोचू नये म्हणून ते शहागंजात याह्याभाईंच्या दुकानी थांबून अत्तर लावून घेत. एकदा मनगटावर अत्तर लावता लावता याह्याभाईंनी नाक वर केलं.

"सांडूभाई, हा ठेक्याचा माल नाय. लौंग हाय यात, पुरानी लकडी हाय. काय पिऊन आले तुम्ही?"

सांडूअण्णांना रडू कोसळायचंच बाकी राहिलं. आपल्याला जे लागतं ते दुसऱ्याही कुणाला कळतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

तिसऱ्या भिडू सोनियाबाई. शहराच्या छावणी भागात राहणाऱ्या, ख्रिस्ती, विधवा, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्या याह्याभाईंकडं गुलाबपाणी न्यायला येत. द्राक्षाच्या हंगामात काळी द्राक्षं चिनी मातीच्या बरणीत घालून त्या नाताळासाठी घरीच वाईन मुरवायच्या. ओळख झाली आणि सांडूअण्णांच्या सुट्टीचा वार, मंगळवार, ठरून गेला. याह्याभाई पीत नसत, पेल्याला हातही लावत नसत. "प्यायचं हराम हाय," म्हणत, "नाकाचा हिशेब वर गेल्यावर देतो." म्हणून सोनियाबाई पेला धरायच्या, याह्याभाई वाकून हुंगायचे आणि डोळे मिटून एकेक वास सांगायचे. मग सांडूअण्णा तो वास जिभेवर शोधायचे. कधी जुळायचं, कधी कडाक्याचं भांडण व्हायचं. घरी दोनदा विचारल्याशिवाय ऐकू न येणारा हा माणूस छावणीत सोनियाबाईंच्या व्हरांड्यात डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचा. निघताना याह्याभाई खिशातली कुपी काढून त्यांच्या कॉलरला अत्तर लावायचे आणि सांडूअण्णा निर्धास्त घरी जायचे.

कसले निर्धास्त. बायकोच्या नाकाला अत्तरानं फसवता येतं असं समजणारा नवरा एक तर भाबडा असतो, नाहीतर मूर्ख. सांडूअण्णा दोन्ही होते.

करोनात नोकरी गेली, तरी मंगळवार राहिले. मग मागच्या वर्षी पारूबाईंच्या पोटात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मुलगी जालन्याला दिलेली, ती चार दिवस यायची नि आपल्या संसाराला परत जायची. सांडूअण्णांनी मंगळवार बंद केले. ते बायकोची वेणी घालत, पाय चेपत, पेज भरवत. अशाच एका दुपारी तोंडातला घास गिळून पारूबाई म्हणाल्या, "आज मंगळवार हाय. जात नाय व्हय तुम्ही?"

"कुठं?"

"छावनीत. तिच्याकडं."

सांडूअण्णांचा हात तसाच राहिला. पारूबाईंचा आवाज शांत होता.

"एकदा रिक्षा करून मागं आले व्हते मी. तिनं दार उघडलं. गोरी, आखूड केसांची. तुम्ही आत गेला अन् मी माघारी फिरले. लई वर्सं झाली त्याला. तुमचे शर्ट मीच धुते नव्हं? दर मंगळवारी अत्तर."

एक वाक्य पुरलं असतं. पारू, बाई नाही, वाईन. ते वाक्य जिभेवर आलंसुद्धा. तेवढ्यात त्याच पुढं बोलल्या.

"भिऊ नका. भांडायचं बळ नाय आता. तवा लई रडले. मग म्हनलं, बाईच हाय ना, दारू तर नाय. बापानं घर नासवलं, भावानं नासवलं. तुम्ही बेल पाळला. माझ्या आईला जे नाय मिळालं ते मला मिळालं. तेवढ्यावर काढलं मी."

खरं सांगावं, तर बाईचा आळ जाणार होता, पण जेवढ्यावर तिनं आयुष्य काढलं तेच हातचं जाणार होतं. गप्प राहावं, तर ती नवऱ्याला दुसरीचा समजून मरणार होती. सांडूअण्णांनी चमचा पुढं केला. "पेज घे," एवढंच म्हणाले.

"तिला आना एकदा. मला बघायचीय."

सांडूअण्णा छावणीत गेले आणि व्हरांड्यात बसून त्यांनी दोघांना सगळं सांगितलं. याह्याभाई म्हणाले, "बीवीला सच सांगा, सांडूभाई. बस." मरणाऱ्या माणसांच्या उशाशी सोनियाबाईंनी नोकरी काढली होती. त्या म्हणाल्या, "सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, सांडूभाऊ. बोलावलंय तर मी येते."

त्या आल्या. पारूबाईंनी त्यांना खाटेवर जवळ बसवून घेतलं, चेहरा नीट न्याहाळला आणि कामाचंच बोलायला लागल्या. "रातचं वरण त्यांला पचत नाय. राग आला की बोलत नायत, जेवत नायत. ताट वाढून ठिवायचं अन् आपुन बाजूला व्हायचं. मग जेवतात."

"हो, ताई," सोनियाबाई म्हणाल्या.

"अन् अजून एक. जन्मात दारूला शिवले नायत ते. माझ्यामागं एकटे पडतील. एकट्या मानसाला नको त्या सवयी लागतात. तुझ्या घरात तरी शिवू देऊ नको. शब्द दे मला."

सोनियाबाईंनी दाराकडं पाहिलं. सांडूअण्णा चौकट धरून उभे होते. अजूनही वेळ होती. त्यांनी मान खाली घातली.

"दिला," सोनियाबाई म्हणाल्या.

पारूबाईंनी त्यांचा हात थोपटला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पावनीला चहा टाका की."

त्यानंतर पारूबाई फार दिवस राहिल्या नाहीत. शेवटी त्या बोलत नव्हत्या, नुसत्या बघत. सांडूअण्णा रोज ठरवायचे, आज सांगू. रोज कुणीतरी भेटायला यायचं, नाहीतर पारूबाईंचा डोळा लागायचा, नाहीतर सांडूअण्णांचाच धीर सुटायचा. एका सकाळी त्या गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर एका मंगळवारी सांडूअण्णांचे पाय छावणीकडं वळले. याह्याभाई आधीच येऊन बसले होते. बाजारात काळी द्राक्षं भरभरून आली होती, पण बरणी धुऊन पालथी घातलेली होती. सोनियाबाईंनी तिघांपुढं चहा ठेवला.

"बाई, आज अर्धा पेला द्या," सांडूअण्णा म्हणाले.

"नाही, भाऊ. मी शब्द दिलाय."

"तो खोट्यावर दिलेला शब्द हाय."

"खोटं तुमचं होतं. शब्द माझा आहे."

याह्याभाईंनी मान फिरवली. सांडूअण्णा चहाकडं बघत राहिले आणि मग लहान पोरासारखे रडले. "मी सांगायला पायजे व्हतं," म्हणाले. "चिडली असती. तोंड बघितलं नसतं माझं. पन मी तिचाच व्हतो, एवढं तरी कळलं असतं तिला."

सोनियाबाईंनी त्यांना रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही चहा टाकायला आत गेलात ना, तेव्हा त्यांनी मला एक विचारलं. 'तुझ्याकडं असले की हसतात का गं ते?'"

"तुम्ही काय सांगितलं?"

"हसतात म्हटलं. ते तर खरंच होतं."

"मग?"

"मग म्हणाल्या, 'कसे हसतात, मी कधी ऐकलंच नाय.'"