पुसलेला 'ल'

काल शेजारी फाटकाला रंग देत होते. रॉकेलात बुडवलेल्या ब्रशचा वास आला आणि मला आमचे अण्णा, माझे वडील, दिसले. ते लातुरात पाट्या रंगवायचे. दुष्काळात दुकानाची पाटी करून घेणारं कुणी उरलं नव्हतं. मग लातूर नवा जिल्हा झाला आणि कचेऱ्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून 'लातूर' लिहायचं काम त्यांना मिळालं.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि मला पाट्याच रंगवायच्या होत्या. एका रणरणत्या दुपारी, एका कचेरीची पाटी रंगवताना, त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. मी श्वास रोखून 'ल' काढला. अण्णा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग रॉकेलची चिंधी घेतली आणि तो पुसून टाकला.

"वाईट आला का, अण्णा?"

"लई चांगला आला, म्हणून तर पुसला. यात एकदा हात बसला की सुटत न्हाई पोरी, आन् पोट बी भरत न्हाई. तू पाटी रंगवू नको. पाटीच्या आत जाऊन खुर्चीवर बस."

बसले. त्याच कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. रोज त्यांच्या अक्षरांखालून आत जायचे. पोट भरलं, अण्णांचं खरं झालं. हात मात्र कशावरच बसला नाही.