खाली पोकळ ठेवलेल्या फळ्या

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकाच्या पुरवणीत काम करत होते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका हॉटेलच्या हिरवळीवर अमेरिकन कंट्री संगीताचा कार्यक्रम होता. त्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे तिथल्या शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या रात्री, जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. या संगीतातलं मला काही कळत नव्हतं. आयोजकांनी पाठवलेल्या दोन पानांत गिटार, फिडल, गुरांचे कळप आणि घर सोडून लांब गेलेली माणसं एवढं लिहिलेलं होतं.

मी चार वाजता पोचले. हिरवळीवर गवताच्या चौकोनी पेंढ्या रचल्या होत्या. रंगमंचासमोर नाचण्यासाठी लाकडी फ्लोअर टाकण्याचं काम चाललं होतं, आणि त्यावर गुडघे टेकून कोकणातल्या आमच्या तालुक्यातला सुतार स्क्रू पिळत होता. तो रंगमंच उभारणाऱ्या कंपनीत होता आणि अल कुसैसला तिच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहायचा. आमचं घर तिथून दहा मिनिटांवर होतं. एकाआड एक शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा.

"काय ताई, यांच्याकडेही मळणी झाली वाटतं," तो पेंढ्यांकडे बघून म्हणाला. मग तिकीट केवढ्याचं ते विचारलं.

"दीडशे दिरहम."

"म्हणजे सतराशे रुपये! सतराशे रुपये देऊन पाय आपटायचे?"

त्याचं रजेचं प्रकरण मला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी त्याचे वडील गेले. गेल्या शिमग्याला घरात दुखवटा होता, त्यामुळे ग्रामदेवतेची पालखी त्यांच्या दारावरून पुढे गेली. या वर्षी ती घरी येणार होती आणि थोरला मुलगा म्हणून दारात उभं राहून ती उतरवून घ्यायचा मान त्याचा होता. शिमग्याला तीन आठवडे उरले होते. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. सुपरवायझरने सांगितलं होतं, हे काम तक्रारीशिवाय पार पडलं तर रजेच्या अर्जावर सही करतो.

"यावेळी फ्लोअर माझ्या पद्धतीने केलाय," तो हळूच म्हणाला. "ड्रॉइंगमध्ये फळ्यांखाली रबर होतं. मी नाही घातलं."

"का?"

"सुपरवायझरने व्हिडिओ दाखवला ना, लोक कसे नाचतात ते. रांगेत उभे राहून सगळे एकदम टाच मारतात. जाखडीच आहे ती, ताई. फक्त पायात घुंगरू नाहीत. आमच्या वाडीत जाखडीला फळ्या टाकतो तेव्हा खाली पोकळ ठेवतो. रबर घातलं की पाय मुका होतो."

रबराच्या गुंडाळ्या ट्रकमागे तशाच पडल्या होत्या. ड्रॉइंगवर आयोजकांची सही होती. मी त्याला तेवढं सांगितलं. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

साडेपाचला सुपरवायझरच्या लक्षात आलं. तो केरळचा, स्वभावाने घाबरट, पण माणूस वाईट नव्हता. "रबर किधर है?" त्याने विचारलं. सुताराने ट्रककडे बोट दाखवलं.

"तुम पागल है क्या? तुमको छुट्टी चाहिए कि नहीं?"

"चाहिए, साब."

"तो खलास. अब दुआ करो कोई नाचे नहीं."

सहाला दार उघडलं. सगळं उचकटायला वेळ नव्हता. तेल कंपन्यांतली कुटुंबं आली, हॅट आणि टोकदार बूट घालून. पहिल्या दोन गाण्यांना सगळे पेंढ्यांवर बसून राहिले. तिसऱ्याला चाळीसेक माणसं फ्लोअरवर गेली, रांगा केल्या आणि सगळ्यांनी एकदम टाच मारली.

तो आवाज माझ्या वहीत 'मोठा' एवढाच नोंदलेला आहे. नाचणारे दचकून थांबले, एकमेकांकडे बघून हसले आणि पुन्हा, आणखी जोरात, टाच मारली. ध्वनियोजना बघणारा इंग्रज कानावरचा हेडफोन काढून पुढे आला. सुपरवायझर पडद्यामागे गेला. ड्रम वाजवणारा पाचव्या गाण्यापर्यंत त्या पायांशी झगडला. मग त्याने मोठा ड्रम थांबवला आणि अर्धं गाणं नुसत्या बुटांच्या ठेक्यावर जाऊ दिलं. त्यानंतर पेंढ्यांवर फारसं कोणी उरलं नाही. सुतार ट्रकच्या पायरीवर बसून ऐकत होता. नऊला कार्यक्रम संपला. तक्रार आली नाही.

मी साडेतीनशे शब्द लिहिले. त्यात फ्लोअरबद्दल एक वाक्य होतं. ओळखीच्या माणसाच्या कामाबद्दल लिहायचं नाही हा आमच्याकडचा नियम होता, म्हणून ते मीच काढलं.

त्याची गरजही नव्हती. आयोजकांना फ्लोअर एवढा आवडला की पुढच्या महिन्यात उम्म अल कुवैनला होणाऱ्या कार्यक्रमासाठी त्यांनी तसाच फ्लोअर आणि तोच सुतार मागितला. तारीख नेमकी पालखीच्या दिवसांतली होती. "छुट्टी उसके बाद, इन्शाल्ला," सुपरवायझर म्हणाला.

शुक्रवारी सुतार जेवायला आला. भात कालवून बसला, पण घास उचलेना.

"वाईट काम केलं असतं तर रजा गेली असती," तो म्हणाला. "चांगलं केलं, तरी गेली."

माझ्या नवऱ्याने विचारलं, "दुसऱ्या कोणाला जमणार नाही का?"

"सांगितलं तर जमेल. पण कागदावर नसेल तर साहेब ऐकत नाहीत."

जेवण झाल्यावर तो सांगत गेला आणि मी इंग्रजीत टाइप करत गेले. चौकटीचं माप, आडव्या पट्ट्यांमधलं अंतर, जमिनीपासून उंची, पट्ट्यांचे सांधे कुठे यावेत, कुठे येऊ नयेत. त्याने ते स्केलपट्टीने आमच्या टेबलावर आखून दाखवलं. अकरा मुद्दे झाले. शेवटचा होता, रबर घालू नये. आमची मुलगी वाचून म्हणाली, "व्हाय नॉट?" तिला त्याने एका रिकाम्या लाकडी खोक्यावर चढून पाय आपटून दाखवला.

सुपरवायझरने कागद दोनदा वाचला, त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि अर्जावर सही केली. उम्म अल कुवैनचं काम दुसऱ्या सुताराला मिळालं.

आमचा सुतार एप्रिलमध्ये परतला. शुक्रवारी जेवायला येताना आमच्यासाठी कोकमं आणली. पालखी आली होती का, मी विचारलं.

"आली. तासभर बसली दारात. काकीने ओटी भरली. उतरवताना काकांनी मागून धरलं." त्याने भात कालवून घास घेतला. "आणि तिकडचा फ्लोअर? विचारलंत का कोणाला?"

मी विचारलं होतं. आमच्या कागदात नको म्हटलं होतं, पण सही असलेल्या ड्रॉइंगमध्ये रबर होतं; ते बघून दुसरा सुतार घाबरला आणि त्याने रबर घातलं.

"मग?"

"लोक नाचले. आवाज आला नाही."

"मुका केला," तो म्हणाला, आणि ताटात आणखी भात वाढून घेतला.