मूठभर कोंड्यात घेतलेलं पोर

गोडदेव गावची चंपा जळकी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाला सोन्याचा मुलामा कशाला द्या? लग्नाला वर्षं लोटली, पण घरात पाळणा हलला नव्हता. गावात कुणाचं डोहाळजेवण निघालं की वाटण वाटायला चंपा हवी, ओटी भरायला मात्र नको. आणि धाकटी जाऊ संचिता? तिची दोन बाळं महिन्याच्या आतच गेली होती, तरी बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या, तिला आई म्हणायच्या. चंपाला त्याचाही हेवा वाटे.

२००१ साली तिसऱ्या खेपेला संचिताला मुलगा झाला. निकेत. सासू पार्वतीने पाचवी पुजायच्या आधीच फर्मान काढलं, "ह्यं पोर विकाचं."

जिची मुलं जगत नाहीत तिने बाळ सुपात घालून दुसरीला विकायचं, ही जुनी रीत. मग नशीब लिहायला येणाऱ्या सटवीला ते पोर सापडत नाही म्हणे. पण विकत घ्यायचं कुणी? पार्वतीने चंपाकडे बोट केलं.

"हिच्या दारान सटवी कदी फिरकलीच न्हाय. पोर हिचं हाय, ह्यं तिच्या मनान बी येनार न्हाय."

काय बाई बोलणं! पण चंपाने ते गिळलं. मूठभर कोंडा देऊन तिने सूप उचललं आणि "पोर माझं, तू नुसती सांबाल," असं म्हणून बाळ संचिताच्या मांडीवर दिलं. पाच वर्षं निकेतने चंपाला आई म्हणायचं आणि संचिताला काकी. मग संचिताने तेवढाच कोंडा देऊन त्याला परत घ्यायचं, असं ठरलं.

आता जळायची पाळी संचिताची आली. शांती नगरच्या बाजारात निकेत "आई, फुगा!" म्हणून चंपाचा पदर ओढायचा. फुगेवाला विचारायचा, "आपका बेटा है?"

"हां, मेराच है," चंपा ठसक्यात सांगायची. मागे पिशव्या घेऊन उभी असलेली संचिता घरी येऊन भांडी आपटायची. चंपाला ती आदळआपट गोड लागायची, खोटं कशाला बोला.

पाच वर्षं सरली. संचिता वाटीत कोंडा घेऊन दारात आली, तर चंपा म्हणाली, "मना सपान परलं. सटवी पोराचं नाव ईचारीत व्हती. आजून येक वरीस थांब."

कसलं स्वप्न नि कसलं काय!

"जाऊबाई, खरंच?"

"पोराच्या जिवाशी खेलीन मी?"

संचिता काय करणार? खोटं म्हणावं तर पोराच्या जिवाची धास्ती. वाटी तशीच घेऊन ती माघारी गेली.

त्याच वर्षी तिला मुलगी झाली. पार्वती पुन्हा सूप काढायला गेली, तशी संचिता कडाडली, "हिला न्हाय विकाची! येक दिला तो आजून परत मिलना."

निकेत उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. संचिता मुलीच्या टाळूवर तेल घालत होती, ते त्याने बराच वेळ पाहिलं. मग तो चंपाकडे आला.

"आई, काकीनं मना विकला, मंग तिला का न्हाय विकली? मी वंगाल हाय, वायट हाय?"

चंपाच्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'तू तिला नको व्हतास.' एवढं म्हटलं की झालं, पोरगा जन्मभराचा तिचा. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण त्याचा खालचा ओठ थरथरत होता, आणि ते काही तिला बघवेना.

"न्हाय रं बाला. तू जगावास म्हनून विकला तुला. सपानाचं मीच खोटं सांगितलं. तुजी आय ती हाय. जा."

"जाऊ?"

"जा म्हनतंय ना!"

तो धावतच सुटला. आतून संचिताचा हुंदका ऐकू आला, आणि मग पोराचं हसणं. चंपा पदर चावत तिथेच उभी राहिली. मेल्याने एवढं पळत तरी जायला नको होतं, असं तिला वाटलं.