मडगार्डवरचा कप

नवापूरच्या नाक्यावर एका मिस्त्रीचं एकट्याचं गॅरेज होतं. महायुद्धामुळे नवं रबर मिळेना, तेव्हा माझ्या प्रवासी सर्व्हिस मोटारीच्या इंजिनाखालच्या झिजलेल्या गाद्या तो जुन्या टायरमधून कापून बसवायचा. ऑइल चेंबरखाली लाकडी फळी धरून जॅकनं इंजिन बोटभर उचलायचा. मग इंजिन चालू करून चहाचा भरलेला कप मडगार्डवर ठेवायचा. चहा थरथरला नाही की काम झालं.

"पी ले भाऊ आते," तो कप पुढे करून म्हणे. मी न पिताच घाईत निघून जाई.

एकदा सहज चहा प्यायला थांबलो. त्यानं न विचारता जॅक आणला.

"गाडी ठीक शे," मी म्हणालो. "चहा पेवाले उनू."

तो जॅक हातात घेऊन उभाच राहिला.

"मंग कप कोठे ठेवू?"