मुअल्लिम वहीबची पट्टी

बासिलने आधी कागद जाळला, मग फोन कोरा केला आणि त्यानंतर पट्टी तपासायला घेतली. हा क्रम बरोबर उलटा हवा होता, हे सैदा बंदराच्या जुन्या बाजारातल्या मासे विकणाऱ्यानेही सांगितलं असतं. पण बासिलचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर लोकांना अक्कल विकणाऱ्या माणसाला ती दुसऱ्याकडे मागायची सवय राहत नाही.

पट्टी स्टीलची, तळहाताएवढी. तिच्यावर बारा इंग्रजी शब्द कोरलेले, दोन उभ्या रांगांत, सहा-सहा. फोनमध्ये त्याने ते ओळीने भरले आणि फोनने थंडपणे कळवलं, हे शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. बासिलने परत भरले. मग चष्मा पुसून परत भरले. फोन आपल्या म्हणण्यावर ठाम होता.

त्या बारा शब्दांत त्याच्या खालतोच्या, म्हणजे सख्ख्या मावशीच्या, सहा सोन्याच्या बांगड्या होत्या. मावशीचं नाव विदाद. तिचा नवरा तीस वर्षं कारकुनी करून गेला. त्याच्या निवृत्तीचे पैसे बँकेत होते, आणि बँकेने एके दिवशी काचांवर लोखंडी पत्रे ठोकले ते ठोकलेच. मावशीने मग उरलेल्या बांगड्या मोडल्या आणि बासिलला सांगितलं, "माझ्या तालीनसाठी ठेव. जिथे मॅनेजर नसेल अशा जागी ठेव."

तालीन ही नात, मुलगा मरवानची लेक. सहा वर्षांची, आईबापाबरोबर मॉन्ट्रियलला. ती पंचवीसची झाली की हे तिच्या हाती पडावं, एवढंच म्हातारीचं म्हणणं. बासिलने बिटकॉइन घेतले. तिथे मॅनेजर नसतो, बारा शब्दांची चावी असते. ते शब्द ज्याच्यापाशी आहेत, ठरल्या क्रमाने आहेत, त्याचा पैसा. शब्द गेले तर पैसा कुठे जात नाही, जागच्या जागी राहतो. फक्त कुणाचा राहत नाही.

आता एकोणीस वर्षं टिकेल असं काय आहे? फोन चार वर्षांत मान टाकतो. कागदाला सैदाची खारी हवा दोन हिवाळ्यांत पापडासारखा करते. राहता राहिलं पोलाद, आणि पोलादावर कोरायचं तर गावात माणूस एकच.

मुअल्लिम म्हणजे उस्ताद. मुअल्लिम वहीबचं दुकान साबणवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. दुकान म्हणजे भिंतीतला कोनाडाच. तो आत बसला की गिऱ्हाईक बाहेर, आणि गिऱ्हाईक आत आलं की पाय बाहेर. वय एकाहत्तर. बापाने हातात छिन्नी दिली तेव्हा नऊ. मुख्तारांचे, म्हणजे गावच्या पाटलांचे, शिक्के, डॉक्टर-वकिलांच्या पितळी पाट्या, लग्नाच्या अंगठ्यांच्या आतली नावं, सगळं त्याच्या हातचं. स्वतःहून लहान असलेल्या माणसाचं नाव मात्र तो कबरीच्या दगडासाठी कोरत नसे. कुणी गळ घातली तर म्हणे, "पलीकडच्या गल्लीतल्या पाथरवटाकडे जा. त्याचा हातही बरा आहे आणि काळीजही."

मशिनीवर पाट्या निघायला लागल्या तसं त्याचं काम आटलं. बायको, उम्म हाशिम, म्हणजे हाशिमची आई, दुकान विकायला सांगून थकली. आणि मग बँका बुडाल्यावर एक नवीनच गिऱ्हाईक यायला लागलं. घाम पुसत यायचं, मागे वळून बघायचं आणि घडी घातलेला कागद काढून म्हणायचं, "मुअल्लिम, हे शब्द पत्र्यावर पाहिजेत."

"यातलं मला एक अक्षर वाचता येत नाही," वहीब आधीच सांगून टाकी.

"म्हणूनच आलो."

खरंच होतं ते. इंग्रजी अक्षरं त्याला नुसती आकाराने माहीत होती; एक साप, एक शिडी, एक उलटं घर. पण त्याच्या न वाचण्यावर गिऱ्हाइकाचा जेवढा भरवसा होता तेवढा त्याचा स्वतःचा नव्हता. त्याने काही नियम केले होते. चामड्याचा एक तुकडा, मधे बोटभर खाच. तो पट्टीवर दाबून बसवायचा, खाचेतून एकच शब्द कोरायचा आणि गिऱ्हाइकाला भिंगातून तेवढाच दाखवायचा. "बरोबर?" "बरोबर." मग चामडं पुढे सरकवायचं. शेवटी कॉफीच्या शेगडीत कागद गिऱ्हाइकाने आपल्या हाताने घालायचा. आणि ते गिऱ्हाईक पुन्हा रस्त्यात भेटलं तर वहीब ओळख दाखवत नसे. एकदा त्याने आपल्या सख्ख्या मेहुण्याला ओळख दाखवली नाही. त्यावरून उम्म हाशिमच्या माहेरी तीन महिने बोलणं बंद होतं.

बासिल याच नियमांतून गेला होता. बारा वेळा भिंगाला डोळा लावून बारा वेळा "बरोबर" म्हणाला होता. मग आता हे काय?

गुरुवारी दहा वाजता मावशी वहीबकडेच पट्टी न्यायला येणार होती. बासिल साडेआठलाच कोनाड्यापुढे उभा राहिला. वहीब एका दंतवैद्याची पाटी घासत होता.

"मुअल्लिम, तुमची नजर गेलीय," बासिल म्हणाला. रात्रभर त्याने याहून सौम्य वाक्य जुळवलं होतं, पण तोंडातून निघालं ते हे.

वहीबने मान वर केली नाही. "सकाळ शुभ असो, बेटा. कॉफी घेणार की नुसताच भांडणार?"

"पट्टी उघडत नाही. शब्द चुकलेत. मावशी दहाला येईल, तिला काय सांगू? तालीनचं सगळं यात आहे."

"कुठला शब्द चुकलाय?"

"ते कळत असतं तर इथे आलो असतो का?"

"म्हणजे शब्द चुकलाय हे माहीत आहे, कुठला ते माहीत नाही. आमच्या मुख्तारासारखं झालं. चोर गावातलाच आहे म्हणतो, आणि सगळ्यांना सलाम करत फिरतो." वहीबने हात पुसले, शेगडीवर किटली चढवली. "कागद आण. मिळवून बघू."

"कागद जाळला ना. तुमच्या समोर."

"जाळलास तू. शेगडी तेवढी माझी. फोनमध्ये असतील?"

फोन आपण किती नीट कोरा केला हे त्यानेच काल इथे उभं राहून छाती काढून सांगितलं होतं. वहीबनेही ते विसरल्यासारखं केलं. पण तेवढ्यात पहिल्यांदाच त्याने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बासष्ट वर्षांत या बोटांनी एक अक्षर गाळलं नव्हतं. निदान कुणी तसं सांगायला आलं नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी आलं असेल, कोणी सांगावं. आणि एका विधवेच्या बांगड्यांवर यावं म्हणजे फारच झालं.

"पैज लाव," तो म्हणाला, बोटांचा विचार बंद करायला. "चूक माझी निघाली तर मी छिन्नी खाली ठेवतो, दुकान विकतो, उम्म हाशिम तुला दुवा देईल. माझी नाही निघाली तर?"

"तर किलोभर सन्यूरा," बासिल म्हणाला. सन्यूरा म्हणजे सैदाची भुसभुशीत बिस्किटं. तोंडात घालून बोलायला गेलं तर समोरच्याच्या शर्टावर जातात.

"ताजी. डब्यातली नाही." वहीबने बासिलच्या हातातली पट्टी घेऊन पाटीवर ठेवली. "आता शब्द म्हणून दाखवू नकोस, मला ऐकायचे नाहीत. फक्त बोट ठेव. पहिला कुठला?"

बासिलने वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

वहीबने त्या बोटाकडे बघितलं. मग किटली उतरवली, दोन पेले भरले, एक बासिलपुढे सरकवला.

"तू शाळेत कुठे होतास?"

"इथेच. सरकारी शाळेत. का?"

"अरबी वाचायला कुठून शिकवलं?"

"उजवीकडून. पण हे इंग्रजी आहे, मुअल्लिम."

"हे इंग्रजी आहे ते तुला. मला ही पाटी आहे. बासष्ट वर्षं मी पाटी उजवीकडून भरतो. उजवी रांग आधी, मग डावी. चामडंही तसंच सरकत होतं. तुझा डोळा कुठे होता?"

डोळा भिंगात होता. भिंगात एकेक शब्द दिसत होता, पट्टी दिसत नव्हती. आणि दुसरा डोळा, आता आठवलं, दुसऱ्या हातातल्या फोनवर होता. बासिलने फोन काढला. आधी उजवीकडचे सहा, मग डावीकडचे सहा. गल्लीतल्या जनरेटरची वीज गेली, दुकानातला दिवा विझला, फोनचा उजेड तेवढा राहिला. मग पडद्यावर आकडा आला. मावशीच्या सहाच्या सहा बांगड्या, एक न वाकता.

जन्मापासून उजवीकडून वाचणारा माणूस दोन इंग्रजी अक्षरं दिसली की डावीकडे वळतो, याला सरकारी शाळेचा दोष म्हणता येत नाही, असं बासिलने पुढे अनेकांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

विदाद मावशी दहाच्या आधीच आली, काळी पिशवी पोटाशी धरून. दोघांची तोंडं बघून दारातच थांबली.

"कोण मेलं?"

"कुणी नाही, उम्म मरवान. या, बसा," वहीब म्हणाला. "तुमचा भाचा थोडा मेला होता. आता बरा आहे."

बासिलने खरं ते सांगितलं. लपवून ठेवलं असतं तर वहीबने सांगितलं असतं, आणि अधिक रंगवून. मावशीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लहानपणी हा सदऱ्याच्या गुंड्या खालून लावायचा. वरची एक उरली की रडायचा. मला वाटलं, सुटली सवय."

"खालतो, पैसे आहेत. सगळे आहेत."

"आज आहेत. तू आहेस, हा आहे, म्हणून आहेत." तिने पट्टी हातात घेऊन वजन बघितलं आणि वहीबकडे वळली. "अबू हाशिम, एकोणीस वर्षांनी तू असशील?"

"अल्लाहच्या मनात असलं तर. पण त्याने मला तसं काही कळवलेलं नाही."

"मीही नसेन. हा असला तरी याचा काय उपयोग ते आज बघितलं. माझी तालीन फ्रेंच शाळेत जाते. ती हे हातात घेईल आणि कुठून वाचेल?"

पोलाद टिकवायचं वहीबला ठाऊक होतं, चावी सांभाळायचं बासिलला. वाचणारी कुठल्या बाजूने येईल याचा विचार दोघांनी केला नव्हता.

"आकडे घालतो," बासिल म्हणाला. "एक ते बारा."

"कुठले? आमचे की त्यांचे?" वहीबने विचारलं. "आमचा पाच गोल, त्यांना शून्य दिसतो."

त्याने पट्टी शिकंज्यात धरली, सगळ्यात बारीक छिन्नी निवडली आणि विदादकडे पाठ करून बसला. उजवीकडच्या वरच्या शब्दाशेजारी त्याने एक उभी रेघ पाडली. खालच्याशेजारी दोन. मग तीन. पाचांनंतर नखाएवढी जागा सोडून पुढच्या. अक्षर कुठलंही असो, रेघा मोजायला शाळा लागत नाही. मात्र बाराव्या शब्दापाशी बारा रेघा मावेनात. तिथे त्याने त्या दोन ओळींत पाडल्या आणि बराच वेळ नाखूष होऊन बघत राहिला. त्या जागी पट्टी आजही जरा गिचमिड दिसत असणार.

"पुन्हा तपास," तो बासिलला म्हणाला. "फोन कोरा कर आणि माझ्यासमोर उघड. रेघांवरून. हात कुठे जातो ते मला बघू दे."

बासिलने कोरा केला, उघडला. दोनदा. मावशी शेजारी बसून प्रत्येक शब्दाला ओठ हलवून रेघा मोजत होती.

पट्टी तिने पिशवीत घातली. कुठे ठेवणार ते सांगायला तिने तोंड उघडलं तसा वहीबने हात वर केला. "उम्म मरवान, मला सांगू नका. यालाही नको. जागा मुलाला सांगा, मोजायचं नातीला शिकवा. फोनवरून नको, उन्हाळ्यात येतील तेव्हा. दोघं एकत्र बसली तरच उघडेल."

"आणि तोवर मी मेले तर?"

"तोवर मरू नका. जूनला चारच महिने आहेत."

मावशीला ते पटलं. जून उजाडला, मरवान आला, तालीन आली. आजी-नात आठवडाभर अंगणात खडूने रेघा ओढत होत्या, एवढं बासिलने कुंपणावरून पाहिलं. पट्टी कुठे गेली ते त्याला माहीत नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माहीत नसल्याचा त्याला अभिमान आहे.

राहता राहिली सन्यूरा. त्याच गुरुवारी संध्याकाळी बासिल किलोभर ताजी घेऊन निघाला होता, पण गल्लीच्या तोंडाशी उम्म हाशिमने त्याला गाठलं. वहीबची साखर तीनशेच्या वर होती. "तो पुडा त्याच्यापर्यंत पोचला," ती म्हणाली, "तर तुझं नाव मी त्याच्याकडून दगडावर कोरून घेईन. तू लहान असलास तरी." पुडा तिनेच ठेवून घेतला.

वहीबला यातलं काही माहीत नाही. निदान तो तसं दाखवतो. बासिल सकाळी दुकान उघडायला त्या वाटेने गेला की तो मान खाली घालून काम करत असतो. सगळ्या गिऱ्हाइकांसारखी बासिललाही ओळख देत नाही. फक्त छिन्नी उचलतो आणि उधारी मांडावी तशी कामाच्या फळीच्या कडेला एक उभी रेघ पाडतो. पाचांनंतर नखाएवढी जागा. काल बासिलने जाता जाता मोजल्या, उजवीकडून. एकशे चौदा होत्या.