माहेरचा खोकला

अकोल्याच्या दवाखान्यात ती बाकावर माझ्या शेजारी बसली होती. नाव मी विचारलं नाही. खोकला आला की ती पदर तोंडाला लावायची आणि नवऱ्याकडे रागाने पाहायची, जसा काही त्यानेच तो दिला होता. दोघांना ब्लडप्रेशरची एकच गोळी होती. त्याला ती मानवली, हिला कोरडा खोकला लागला. हिने गोळी सोडून दिली, तर प्रेशर चढलं.

"हिची बहीणही याच गोळीनं खोकलते," नवरा मला म्हणाला. "माहेरचीच खोड हाय."

तिचा नंबर लागला. दार उघडंच होतं, म्हणून मला आतलं ऐकू आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही गोळी काहींना सोसत नाही. ते रक्तातूनही येतं. दुसरी देते, पण मनाने बंद करू नका."

ती बाहेर आली ती नवऱ्यावर बोट रोखूनच. "आयकलं काय? आडनाव तुमचं लावलं, रक्त माह्यंच हाय!"

तो चिठ्ठी घेऊन नवी गोळी आणायला गेला.

माहेरावरून बोलणी मीही जन्मभर खाल्ली. पण बायकोच्या माहेरापायी नवरा औषधाच्या रांगेत उभा राहिलेला पाहिला, तो त्या दिवशीच.